सराईचा मालक कोण?

मराठीत 'सराई' हा शब्द दोन घरांत नांदतो. एक सराई लग्नसराईतली, सुगीच्या सराईतली. तिचा अर्थ हंगाम. दुसरी सराई मुक्कामाची, वाटसरूनं रात्री पाठ टेकायची जागा. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या सराईबद्दल.

हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ घर, वाडा, महाल. इस्तंबूलचा सुलतानाचा प्रसिद्ध महाल तोपकापी सराय म्हणूनच ओळखला जातो. बोस्नियाची राजधानी सारायेव्हो, तिच्या नावातही हीच सराय बसलेली आहे. कारवां म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. तो जिथे उतरतो ती कारवांसराय. आपल्याकडे येईपर्यंत कारवां गळून पडला आणि नुसती सराई उरली. गंमत बघा, राजा जिथे राहतो तीही सराई, आणि ज्याला त्या गावात घर नाही तो जिथे रात्र काढतो तीही सराई. एकाच शब्दानं महाल आणि मुक्काम दोन्ही सांगावेत, यात भाषेचं काही शहाणपण असेल का, ते शेवटी पाहू.

इंग्लंडमध्ये जुन्या गावातल्या 'इन'चा किंवा 'पब'चा इतिहास लोक मोठ्या हौसेनं सांगतात. कुठल्या साली कोण मालक होता, कुणाच्या काळात छप्पर बदललं, याच्या याद्या करतात. चौसर या चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवीच्या गाजलेल्या काव्यातले यात्रेकरू लंडनजवळच्या अशाच एका इनमध्ये जमतात. वाटेत प्रत्येकानं गोष्टी सांगाव्यात ही कल्पना काढतो तो त्या इनचा मालकच. म्हणजे एका भाषेचं मोठं काव्य एका मुक्कामाच्या जागेतून निघालं. आपल्याकडच्या सराईचा इतिहास मात्र आपण असा हौसेनं सांगत नाही. तो सांगावा असं वाटतं, कारण आमच्या जालन्यात अशी एक सराई होऊन गेली आणि तिच्याभोवती हे गाव मोठं झालं.

जालना कुंडलिका नदीकाठी वसलं आहे. गावाच्या नावाची कथा जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. आधी याचं नाव जानकपूर होतं, सीतेशी नातं सांगणारं. पुढे एका श्रीमंत मुसलमान विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या, इच्छेवरून ते जालना झालं. दंतकथा म्हणून सोडून दिली तरी ती एक गोष्ट सांगून जाते. हे गाव विणकरांचं आणि व्यापाऱ्यांचं होतं. 'जालना सोने का पालना' ही म्हण अजून लोकांच्या तोंडी आहे. सोन्याचा पाळणा! पण पाळण्याला दोरी लागते, तशी बाजारपेठेला वाट लागते आणि वाटेला मुक्काम लागतो.

हे ओळखणारा माणूस म्हणजे जमशेद खान. अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या काळात, त्यानं जालन्यात काळी मशीद बांधली. साल 1578. मशिदीच्या जोडीला त्यानं हमाम, म्हणजे स्नानगृह, आणि सराई बांधली. ही तीन कामं एकत्र का, याचा विचार करा. तांड्याबरोबर दहा-पंधरा दिवस धूळ खात आलेला माणूस गावात शिरतो. त्याला आधी अंघोळ हवी, मग देवाचं नाव, मग निजायला जागा. एकाच आवारात तिन्हींची सोय झाली.

पण त्याचं खरं मोठेपण चौथ्या कामात आहे. गावाच्या पश्चिमेला त्यानं मोती तलाव बांधला. तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांतून गावभर खेळवलं आणि जागोजाग हौद बांधले. या हौदांपैकी सगळ्यात मोठा कुठे होता? कुण्या अमीर-उमरावाच्या वाड्यात नाही. तो होता सराईच्या चौकात. गॅझेटियरनं ही नोंद एका ओळीत केली आहे, पण मला ती ओळ फार बोलकी वाटते. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात सगळ्यात मोठा पाण्याचा साठा परक्या माणसाच्या वाट्याला ठेवला होता. 2012-13 च्या दुष्काळात जालन्यानं टँकरची वाट पाहत जे दिवस काढले, ते आठवले की या एका ओळीचं वजन कळतं.

सराई दिसायची कशी? साधारण नकाशा सगळीकडे एकच. उंच भिंतींचा चौकोन. एक किंवा दोन मोठे दरवाजे, हत्ती-उंट आत येतील एवढे. आत मोकळा चौक आणि मधोमध विहीर किंवा हौद. चारी बाजूंनी ओळीनं कमानदार खोल्या, प्रत्येकीपुढे छोटी पडवी. जनावरं चौकात, माणसं खोलीत. औरंगजेबाच्या काळातली अशी सराई अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी फर्दापूरला आहे. लेणी पाहायला जाणाऱ्यांनी थोडं थांबून तीही पाहावी.

या वाटा काही लहानसहान नव्हत्या. सुरत बंदरातून निघालेला माल औरंगाबादेवरून गोवळकोंड्याला जायचा. ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या वाटेनं गेला आणि त्यानं मुक्कामांची यादी लिहून ठेवली. त्या यादीतलं 'औबार' म्हणजे आपलं अंबड असावं, असं अभ्यासक मानतात. बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून निघत. एकेका तांड्यात दहा-दहा हजार बैल असत, असं तोच लिहितो. जालना ते औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, हे अंतर साठेक किलोमीटर. आज तास-दीड तासात कापलं जातं. लादलेल्या बैलाला त्याच वाटेला दोन-तीन दिवस लागत. म्हणजे मधल्या रात्री कुठे तरी काढायच्याच. त्या रात्री सुखाच्या जाणार की धास्तीच्या, यावर व्यापार अवलंबून होता.

राज्यकर्त्यांना हे समजत होतं. शेरशाह सूरनं 1540 ते 1545 या पाचच वर्षांच्या राज्यात रस्त्यांवर दर दोन कोसांना एक सराई बांधायची पद्धत घातली. अब्बास खान सरवानी हा इतिहासकार सतराशे सराया सांगतो. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी काम प्रचंड होतं. त्याहून महत्त्वाची आहे आतली व्यवस्था. दरवाज्यावर भरलेले पाण्याचे रांजण असत. हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी राहण्याची वेगळी सोय होती. हिंदू प्रवाशांना गार-गरम पाणी, अंथरूण, जेवण आणि घोड्याला दाणापाणी द्यायला ब्राह्मण नेमलेले असत. ज्याचा त्याचा आचार ज्याच्या त्याच्यापाशी राहिला. भिंत मात्र सगळ्यांभोवती एकच आणि रात्री बंद होणारा दरवाजाही एकच. आज मोठ्या शहरात भाड्यानं खोली मागायला गेलं की आधी आडनाव विचारलं जातं, मग पगार. अशा वेळी चार-पाचशे वर्षांपूर्वीची ही तजवीज आठवल्याशिवाय राहत नाही.

जहांगीर 1605 मध्ये गादीवर आला. त्यानं सुरुवातीलाच बारा हुकूम काढले. त्यातला एक सांगतो की, ज्या रस्त्यावर वाटमारी होते आणि वस्ती दूर आहे, तिथे जवळच्या जहागीरदारानं सराई आणि मशीद बांधावी, विहीर खणावी, म्हणजे लोक तिथे येऊन राहू लागतील. यातला विचार पाहण्यासारखा आहे. चोरांचा बंदोबस्त करायचा तर नुसती चौकी नको, तिथे चूल पेटली पाहिजे. वस्तीचा दिवा दिसला की चोर आपोआप लांब जातो. उत्तर हिंदुस्थानात कितीतरी गावांच्या नावात 'सराय' आहे, ती अशीच जन्मली. त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं मुघलसराय स्टेशन. 2018 मध्ये त्याचं नाव बदलून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झालं.

आता माणसांकडे येऊ. सराई बांधायचा अमीर. तिच्या खर्चासाठी जमिनीचं किंवा गावाचं उत्पन्न लावून दिलेलं असे. त्याचा हिशेब मुतवल्लीकडे किंवा दरोग्याकडे. पण प्रवाशाच्या दृष्टीनं सराईचा मालक वेगळाच होता. तो म्हणजे भटियारा आणि त्याहून जास्त भटियारीण. चूल तिची, बाज तिची, आवाजही तिचाच. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी सतराव्या शतकात आग्र्याच्या वाटेवर होता. सराईत राहणाऱ्या आणि प्रवाशांना बाज टाकून देणाऱ्या, जेवण रांधून देणाऱ्या बायकांबद्दल त्यानं लिहिलं आहे. सकाळी निघताना त्यांच्या हातावर थोडे पैसे ठेवले की झालं. आपल्या मराठीतला 'भटारखाना' हा शब्द याच कुळातला. दगडावर नाव राहतं ते सराई बांधणाऱ्याचं. बाज टाकणारीचं नाव कुणी कोरत नाही. तिची आठवण फक्त भाषेनं ठेवली, तीही आपल्याला न सांगता.

तिच्याबरोबर आणखी कितीतरी जणांचं पोट सराईवर चालायचं. पखालीनं पाणी भरणारा भिश्ती, घोड्याचे नाल ठोकणारा नालबंद, न्हावी, धोबी, चारा विकणारा, रात्रभर काठी आपटत फिरणारा चौकीदार. परक्याची सोय करता करता गावाची एक पेठच उभी राहायची.

या सगळ्या मंडळींवर जबाबदारी काय होती, ते मनूची या इटालियन प्रवाशानं लिहून ठेवलं आहे. शाहजहान-औरंगजेबाच्या काळात तो हिंदुस्थानभर फिरला. तो सांगतो की, एकेका सराईत आठशे-हजार माणसं मावत, घोडे, उंट, गाड्या वेगळ्या. संध्याकाळी दरवाजे बंद झाले की राखणदार ओरडून सांगे, ज्यानं त्यानं आपापलं सामान सांभाळा. सकाळी दरवाजा उघडण्याआधी तो तीन वेळा पुकारा करी, प्रत्येकानं आपली वस्तू जागेवर आहे का पाहावी. कुणाचं काही हरवलं असेल तर दरवाजा उघडायचाच नाही. ती वस्तू सापडेपर्यंत हजार माणसं आत थांबणार!

डोळ्यांसमोर आणून पाहा. पहाटेची वेळ, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजताहेत, उन्हाच्या आत निघायची सगळ्यांना घाई. आणि एका गरीब मुसाफिराचं गाठोडं सापडत नाही म्हणून मोठमोठे सावकार खोळंबले आहेत. माझ्या मते सराई म्हणजे काय, ते यात आलं. छप्पर आणि बाज कुठेही मिळेल. 'तू माझ्या दरवाज्याच्या आत आहेस, तोवर तुझं गाठोडं माझ्या जिम्म्यावर' हे वचन मिळतं ती सराई.

पुढे इंग्रजांनी याच वचनाला कायद्याची भाषा दिली. 1867 मध्ये त्यांच्या मुलखासाठी सराई कायदा झाला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यानं तो आपल्याकडचा नव्हे, पण त्यातली कलमं वाचण्यासारखी आहेत. सराईवाल्यानं खोल्या, पडव्या, गटारं आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्यात. भिंती-दरवाजे डागडुजी करून ठेवावेत. प्रवाशांच्या आणि त्यांच्या जनावरांच्या रक्षणाला पुरेसे पहारेकरी नेमावेत. साथीचा रोगी आढळला तर पोलिसांना कळवावं. आणि दरांची पाटी सगळ्यांना दिसेल अशी लावावी. आज हॉटेलच्या भिंतीवर दरपत्रक दिसतं, त्याचा हा एक पूर्वज.

विश्रांती ही साधी गोष्ट नाही, हे सांगणारा आपल्या इतिहासातला एक प्रसंग जालन्याशीच जोडलेला आहे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली. ती या पेठेच्या श्रीमंतीमुळेच. परतताना मोगली फौजेनं गाठलं, संगमनेरजवळ लढाई झाली. बहिर्जी नाईकानं आडवाटेनं महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. तिथे महाराजांनी विश्रांती घेतली आणि किल्ल्याचं नाव पडलं विश्रामगड. आयुष्यभर घोड्यावर असलेल्या राजाच्या चार दिवसांच्या मुक्कामानंही एका किल्ल्याला नाव दिलं.

मग जालन्याच्या सराईचं काय झालं? तिची वाट बदलली. 1827 मध्ये जालन्याला छावणी बसली. साहेब लोकांसाठी डाकबंगले आले. 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली आणि बैलाच्या पाठीवरचा माल वाघिणीत गेला. जिथे पूर्वी दोन मुक्काम लागत तिथे एकही लागेना. थांबायचंच नसेल तर सराई कशाला? स्टेशनजवळ मुसाफिरखाने, धर्मशाळा आणि पुढे लॉज आले. 1932 मध्ये निजाम सरकारच्या बसगाड्या धावू लागल्या. तांडा संपला, कारवां संपला. भटियारणीची चूल कुण्या शत्रूनं विझवली नाही. ती वेगानं विझवली.

तो वेग आता आणखी वाढला आहे. समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातूनच जातो. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि जून 2025 मध्ये मुंबईपर्यंतचा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. रस्ता देखणा आहे, यात वाद नाही. पण पहिल्या काळात या रस्त्यावर खाण्यापिण्याची, स्वच्छतागृहाची, दोन घटका डोळा लागावा अशा जागेची मोठी वानवा होती. तासन्‌तास सरळ रस्त्यावर एकाच वेगानं गाडी चालवत राहिलं की मेंदू सुस्तावतो, डोळे उघडे असूनही माणूस जागा नसतो, असं जाणकार तेव्हापासून सांगत आले. अपघात झाले, माणसं गेली. ज्या काळी वेग बैलाचा होता, त्या काळी दर दोन कोसांवर थांबायची जागा होती. आपला वेग ताशी शंभरच्या पुढे गेला आणि थांबायची जागा मागाहून आठवली. रस्ता आधी आणि मुक्काम नंतर, ही घाई शेरशाहनं केली नव्हती.

ट्रकवाल्यांनी मात्र आपली सराई आपणच शोधली. हमरस्त्यावरचा ढाबा पाहा. पुढे मोकळं पटांगण, गाड्या लावायला. ओळीनं टाकलेल्या बाजा. पाण्याचा हौद, त्यावर अंघोळी चाललेल्या. एका कोपऱ्यात भट्टी. चार भिंती आणि दरवाजा सोडला तर नकाशा तोच. पण राखणदाराचा तो सकाळचा पुकारा राहून गेला. गाडीतलं डिझेल चोरीला गेलं तर ज्याचं त्यानं पाहावं. आणि बाईमाणसानं एकटीनं तिथे रात्र काढावी, असं आपण कुणी म्हणू का? वचनाशिवाय उरते ती नुसती बाज.

आता सुरुवातीच्या शब्दाकडे वळू. महालही सराई आणि मुक्कामही सराई, हे कसं? सुफी परंपरेत बल्खचा राजा इब्राहीम अदहम याची एक कथा सांगतात. राजा दरबारात बसलेला असताना एक अनोळखी माणूस सरळ आत येतो. पहारेकऱ्यांना त्याला अडवायचं धाडस होत नाही. राजा विचारतो, काय पाहिजे? तो म्हणतो, या सराईत मुक्काम करीन म्हणतो. राजा चिडतो. ही सराई नाही, माझा महाल आहे. तो माणूस विचारतो, तुझ्या आधी इथे कोण होता? माझे वडील. त्यांच्या आधी? आजोबा. ते सगळे आता कुठे आहेत? गेले. मग एक येतो आणि दुसरा जातो, त्या जागेला सराई नाही तर काय म्हणायचं? कथा म्हणते, राजानं राज्य सोडलं आणि तो फकीर झाला.

हाच प्रश्न जालन्याला विचारून पाहा. इथे आधी कोण होता? निजामशाही. मग मोगल. अकबराचा विद्वान दरबारी अबुल फजल काही काळ जालन्यात राहिल्याची नोंद आहे. मग निजाम-उल-मुल्क आसफजाह, ज्याच्या हुकुमावरून काबिल खानानं 1725 मध्ये इथला किल्ला बांधला. मग शिंदे. 1803 च्या सप्टेंबरात कर्नल स्टीव्हन्सननं तो किल्ला घेतला आणि त्याच महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या असईला मोठी लढाई झाली. मग पुन्हा निजाम. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात, 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला. सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांत इतके मालक आले आणि गेले. प्रत्येकाला वाटलं, हा माझा महाल.

या सगळ्या यादीत जमशेद खान कुठे बसतो? तो राजा नव्हता. त्यानं जालन्यात जे बांधलं त्यातलं बरंचसं येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी होतं. तलाव, नळ, हौद, हमाम, सराई. स्वतःला मालक म्हणवणाऱ्यांची नावं पाठ करावी लागतात. ज्यानं परक्यासाठी पाणी भरून ठेवलं, त्याचं नाव मोती तलावाशी आणि काळ्या मशिदीशी आपसूक टिकून आहे.

म्हणून सराईचा मालक कोण, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं. बांधणारा तिचा मालक नाही, ताबा असणारा नाही आणि पैसे मोजून निजणाराही नाही. सकाळी दरवाजा उघडण्याआधी जो तीनदा विचारतो, 'प्रत्येकाचं गाठोडं जागेवर आहे ना?', तो तिचा मालक. गाव असो की देश, तिथे हा प्रश्न विचारणारा एक तरी माणूस पहाटे जागा असला पाहिजे. आपण सगळेच मुसाफिर आहोत. आज तुमचं गाठोडं असेल, उद्या माझं.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)